कोप्यांवरची पाण्याची ट्रॉली

हंगाम संपला. शेवटची खेप गेली, टोळी गावाकडं परतली आणि आपली छोटी ट्रॉली परत गोठ्यामागं येऊन उभी राहिली. काल तिचे ड्रम धुऊन पालथे घातले. ट्रॉलीचे फोटो बघून बऱ्याच जणांनी विचारलं होतं की खर्च किती आला, ड्रम कुठले घेतले, मोटर कशी बसवली. सगळं सांगतो. मोटर शेवटी काढून टाकली, तेही सांगतो. पण सुरुवात एका कॅनपासून करावी लागेल आणि ती सांगायला जरा जड जातं.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. रस्त्याकडेच्या आमच्या पडीक तुकड्यात दरवर्षी टोळी उतरते. बीडकडची माणसं, ट्रॅक्टर टोळी, नऊ-दहा कोयते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दिवाळी झाली की कोप्या पडतात आणि आमच्या भागातला ऊस संपेपर्यंत त्या तिथंच असतात. त्या वर्षी टोळी उतरल्यावर एक मावशी वस्तीवर आली. "मालक, पाण्याला एखादा डबा असला तर द्या." मी गोठ्यात गेलो, समोर पन्नास लिटरचा निळा कॅन होता, तो उचलून दिला. आदल्या वर्षी त्याच कॅनमध्ये मी तणनाशक कालवलं होतं. टू फोर-डी आणि ॲट्राझिन. नंतर तीन वेळा धुतला होता, उन्हात ठेवला होता. माझ्या मते तो स्वच्छ होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशी कॅन घेऊन परत आली. म्हणाली, "ह्याला वास येतोय." मी म्हटलं, "अगं मावशी, तीनदा धुतलाय." तिनं कॅन खाली ठेवला आणि विचारलं, "तुमच्या घरी भरता का ह्याच्यात पाणी?"

मी काय उत्तर देणार? गप्प बसलो. ती निघून गेली, आवाजसुद्धा चढवला नाही तिनं. त्याच आठवड्यात तिच्या नातवाला उलट्या-जुलाब झाले, दोन सलाईन लागल्या, पोरगं बरं झालं. कॅनमुळं झालं का पाटाच्या पाण्यामुळं, का आणखी कशानं, ते कुणालाच सांगता आलं नाही. डॉक्टर म्हणाले, या दिवसांत असे पेशंट रोजच येतात. पण माझ्या डोक्यातून तो कॅन जाईना. औषधाच्या प्रत्येक डब्याबरोबर माहितीपत्रक येतं, त्यात लिहिलेलं असतं की रिकामा डबा दुसऱ्या कशाला वापरू नका, नष्ट करा. मी वीस वर्षं फवारणी करतोय आणि ते वाचलेलंही आहे. प्लॅस्टिकच्या आत औषध मुरतं, ते खळबळून निघत नाही. तीन वेळा धुणं हे डब्यातलं औषध वाया जाऊ नये आणि डबा निर्धोकपणे टाकता यावा म्हणून असतं. त्यानं डबा पाण्याचा होत नाही.

आता पाण्याची परिस्थिती सांगतो. कोप्यांपासून आमची वस्ती सातशे मीटर. मधे रस्ता आणि दोघांची रानं, म्हणून पाइप नेता येत नाही. टोळी पहाटे चारला उठते, फडात जाते, दिवेलागणीला परत येते. मग बायका हंडे घेऊन निघतात. हंडा पंधरा लिटरचा धरा. तीन फेऱ्या म्हणजे जाऊन-येऊन चार किलोमीटरच्या वर चाल, आणि निम्म्या वाटेत डोक्यावर पंधरा किलो. दिवसभर मोळ्या वाहिलेल्या बाईनं हे करायचं. त्यात शेतीची लाइट आठ तास, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की संध्याकाळी विहिरीवर येऊनही पाणी मिळत नाही. मग जवळचा पाट. पाटात जनावरं धुतात, त्यातच ही माणसं भांडी घासतात आणि तेच पितात.

मुकादमाला विचारलं तर म्हणतो, कारखान्याचं काम आहे. कारखान्याच्या माणसाला विचारलं तर म्हणतो, मुकादमाला उचल दिलीय, त्यानं बघावं. आपण शेतकरी म्हणतो, माझा ऊस चार दिवसांत तुटणार, माझा काय संबंध? मीही तेच म्हणत होतो. खेपेमागं खुशाली मात्र आपण न बोलता काढून देतो, कारण नाही दिली तर फड मागं पडतो.

२०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. तेव्हा आम्ही सगळ्यांनी बातम्या वाचल्या आणि वाईट वाटून घेतलं. त्या बायका आपल्याच रानात राहतात, अंघोळीला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत धुवायला पाणी नाही, हे मात्र आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ट्रॉलीची कल्पना भाच्यामुळं सुचली. तो पुण्यात नोकरी करतो. दिवाळीला आला तेव्हा त्यानं मोबाइलवर परदेशातल्या एका जोडप्याचा व्हिडिओ दाखवला. गाडीमागं जोडायची छोटीशी ट्रॉली, त्यात झोपायची सोय, मागचा पत्रा उचलला की ओटा आणि ओट्याला नळ. नळ सोडला की मोटर आपोआप सुरू, बंद केला की बंद. भाच्याला भारी नवल वाटत होतं. मी म्हटलं, अरे ही तर आपल्या बॅटरी पंपाची मोटर! पाठीवरच्या फवारणी पंपात जी बारा व्होल्टची डायफ्रॅम मोटर असते, तीच. ट्रिगर सोडला की आतलं प्रेशर वाढतं, स्विच तुटतो, मोटर थांबते. ट्रिगर दाबला की परत चालू. त्या लोकांनी ट्रिगरच्या जागी नळ बसवलाय एवढंच.

मग डोक्यात किडा वळवळायला लागला. मिनी ट्रॅक्टरची जुनी दोन चाकी ट्रॉली गोठ्यामागं गंजत पडली होती. फाळका मोडलेला, टायर बरे.

पहिला प्रयोग फसला. घरात पाचशे लिटरची एक जुनी टाकी होती, ती ट्रॉलीवर दोरांनी बांधली, भरली आणि निघालो. वाटेत एका बांधावर चाक चढलं. टाकी निम्मीच भरलेली होती, कारण लाइट मधेच गेली होती. चाक वर गेल्याबरोबर आतलं पाणी उताराच्या बाजूला पळालं, त्याच्याबरोबर वजन पळालं आणि ट्रॉली कलंडायला लागली. मुलगा मागं चालत होता, तो बाजूला उडी मारून निघाला म्हणून बरं. ट्रॅक्टर थांबवला, हातपाय लटपटत होते. अर्धी टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागा नसते. त्या दिवसापासून आमच्या घरी नियम आहे: ट्रॉली हलवायची तर ड्रम गळ्यापर्यंत भरलेले, नाहीतर पूर्ण रिकामे. आणि एक मोठी टाकी नको, लहान-लहान ड्रम बरे.

दोनशे लिटरचे दोन ड्रम घ्यायचे ठरले. भंगार बाजारात गेलो. निळे ड्रम पाहिजे तेवढे, स्वस्त. विकणारा म्हणाला, "सरबताचे आहेत, बिनधास्त घ्या." एका ड्रमच्या तळाशी लेबलाचा अर्धा तुकडा चिकटलेला होता आणि त्यावर कवटीचं चिन्ह. सरबत कसलं ते मग मी विचारलं नाही. त्या कॅनचा धडा ताजा होता. नवेच घेतले, वरचं पूर्ण तोंड उघडणारे, कडीच्या रिंगचे, प्रत्येकी १८०० रुपये. पिण्यासाठी शंभर लिटरचा वेगळा ड्रम, ११०० रुपये. स्वस्तात बसवायचं म्हणून सगळीकडं काटकसर केली, पण ड्रमच्या बाबतीत नाही. तुम्हीही करू नका.

पिण्याचा ड्रम वेगळा का, ते सांगतो. आमच्या विहिरीचं पाणी तपासून आणलं. नायट्रेट ४५ च्या वर निघालं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, त्यापुढं लहान बाळांना धोका असतो. ऊसपट्ट्यात हे नवीन नाही. वर्षानुवर्षं आपण युरिया ओततोय, पाटपाणी देतोय, जे पिकाला लागलं नाही ते खाली झिरपून विहिरीत येतं. आणि नायट्रेट उकळून जात नाही, टीसीएलनंही जात नाही. उकळलं तर पाणी आटतं आणि उरलेल्यात ते जास्तच होतं. म्हणून विहिरीचं पाणी फक्त खर्चाला: अंघोळ, भांडी, कपडे. पिण्याचं पाणी ग्रामपंचायतीच्या नळाचं. दोन पाणी, दोन रंग. पिण्याच्या ड्रमला पांढरा पट्टा मारला आणि त्याचा नळ ट्रॉलीच्या दुसऱ्या बाजूला काढला, म्हणजे अंधारातही चूक होऊ नये.

आता जोडणी. ड्रमला तळापासून दोन इंच वर एक इंची टँक निपल बसवला. तळालाच भोक पाडलं तर गाळ थेट हंड्यात येतो. भोक ड्रिलला ३५ मिलिमीटरचा होल सॉ लावून पाडलं. मी शहाणपणा करून एका ड्रमला पाइपाचा तुकडा पीव्हीसीच्या सोल्युशननं चिकटवून पाहिला होता, दुसऱ्या दिवशी तो हातात आला. हे ड्रम एचडीपीईचे असतात, त्यावर ते सोल्युशन धरतच नाही. निपल, दोन्ही बाजूंनी रबरी वायसर आणि आतून चेकनट, हाच मार्ग. पण ड्रम तीन फूट खोल, आतला चेकनट धरायला हात पोचेना. ड्रम आडवा केला आणि धाकट्या पुतण्याला कमरेपर्यंत आत घातलं. त्यानं आतून पाना धरला, मी बाहेरून आवळलं. पोरगं आतून गाणी म्हणत होतं, आख्ख्या वस्तीला ऐकू जात होतं.

दोन्ही ड्रम एक इंची पाइपानं जोडले आणि त्या पाइपाला तीन नळ काढले, म्हणजे एका वेळी तीन हंडे लागतात. नळ पाऊण इंची घेतले. सुरुवातीला अर्धा इंची लावले होते, पण धार बारीक. कारण दाब किती? ड्रममध्ये तीन फूट पाणी म्हणजे जेमतेम ०.०९ किलो. ठिबकला आपण एक किलो धरतो, त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. एवढ्याशा दाबाला प्रत्येक एल्बो आणि प्रत्येक बारीक भोक जाणवतं. पाणी चतुर्थांश उरलं की धार बरोबर निम्मी होते, कारण वेग उंचीच्या वर्गमुळाप्रमाणं कमी होतो. घड्याळ लावून बघितलं: भरल्या ड्रमला हंडा दीड मिनिटात, तळाला आल्यावर तीन मिनिटांत. मग ड्रमखाली मागच्या बाजूला लाकडाची पाचर ठोकली, थोडा कल आला आणि शेवटचं पाणीही निपलकडं यायला लागलं.

झाकणाला हवेसाठी भोक ठेवायचं विसरू नका. मी विसरलो होतो. नळ सोडला, पाणी थोडं आलं, मग गुडगुड करून थांबलं आणि ड्रमची बाजू आत ओढली गेली. मला वाटलं कचरा अडकला, निम्मा दिवस पाइप खोलण्यात घालवला. शेवटी झाकण सैल केलं तर धो-धो पाणी. भोकाला बारीक जाळी बांधा, नाहीतर डासांना घर मिळतं. डेंगीचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास बाहेर पडतो. म्हणून दर सोमवारी ड्रम पूर्ण रिकामे, आतून घासून, कोरडे करून मगच भरायचे.

वजनाचं म्हणाल तर चारशे लिटर म्हणजे चारशे किलो, ते बरोबर आसावर. दोन ड्रम आसाच्या रेषेत शेजारी-शेजारी आणि पिण्याचा ड्रम पुढं, हुकाच्या बाजूला. हुकावर थोडं वजन असलंच पाहिजे, मागं वजन गेलं तर ट्रॉली ट्रॅक्टरचा मागचा भाग उचलायला बघते. कोप्यांवर ट्रॉली सोडली की पुढं टेकू लावायचो. मागं लावत नव्हतो. एके दिवशी चार पोरं मागच्या फाळक्यावर चढली आणि पुढचा दांडा वर उचलला गेला. कुणाला लागलं नाही. त्याच दिवशी मागंही दोन टेकू वेल्डिंग करून घेतले.

आता मोटरचं. एवढं सगळं होईपर्यंत माझ्या डोक्यात तो व्हिडिओ होता. मागं पत्र्याची न्हाणी करायची, तिच्यात वर झारी, बटण दाबलं की वरून पाणी! जुन्या फवारणी पंपाची मोटर वापरायचा मोह झाला, पण तिच्यातून दहा वर्षं औषध गेलेलं, ती नकोच. नवी मोटर ७५० रुपयांना आणली, बॅटरी जुन्या पंपाचीच, बारा व्होल्ट आठ अँपिअर. मधे पाच अँपिअरचा फ्यूज. चाललं मस्त. मिनिटाला तीन-साडेतीन लिटर.

आणि कुणी वापरेना.

तीन दिवस वाट बघितली. मग बायकोला पाठवलं, कारण हे मी विचारून मला कोण सांगणार? ती तासभर बसून चहा पिऊन आली. म्हणाली, "तुमच्या झारीचं पाणी गार येतंय. पहाटे साडेतीनला डिसेंबरात गार पाण्यानं अंघोळ तुम्ही करून दाखवा." त्यांना चुलीवर तापवलेलं पाणी बादलीतच न्यायचं होतं. "आणि न्हाणीला आतून कडी नाही. आणि अंधार आहे. साप-किरडूची भीती वाटते त्यांना." पंप कुणी मागितलाच नव्हता. मी मोटर बसवण्याआधी एका बाईलाही विचारलं नव्हतं.

मोटर काढली. आतून कडी बसवली, वीस रुपयांची. पत्रे खाली जमिनीपासून वीतभर वर होते, त्यातून पाय दिसायचे, तिथं गोणपाट लावलं. खाली फरशीचे दोन तुकडे टाकले. बॅटरी तशीच ठेवली आणि तिच्यावर बारा व्होल्टचा छोटा एलईडी दिवा लावला, दीडशे रुपयांचा. मोटर तास-दोन तासांत बॅटरी निम्मी करायची, दिवा आठवडाभर चालतो. कडी आणि दिवा झाल्यावर न्हाणीला नंबर लागायला लागले. एक ताई बायकोला म्हणाली, लग्नाला सहा वर्षं झाली, ऊसतोडीवर आल्यावर उजेडात अंघोळ पहिल्यांदा केली.

भरायचं गणित असं. गोठ्याच्या स्लॅबवर आमची हजार लिटरची टाकी आहे, ती रात्रीच्या लाइटला ऑटोवर भरते. पहाटे मुलगा ट्रॉली खाली लावतो, एक इंची नळी सोडतो, पंधरा-वीस मिनिटांत दोन्ही ड्रम भरतात. उंचीचा दाब, वीज नको, इंजिन नको. पिण्याचा ड्रम घरच्या नळावर. नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल टाकते, पण ते आमच्या टोकापर्यंत पोचेतो किती उरतं याचा भरवसा नाही. जलसुरक्षकाकडून ओटी टेस्टची बाटली मागून घेतली. पाण्याचा रंग पिवळसर आला तर ठीक. आला नाही तर आपण टीसीएल घालायचं. प्रमाण हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे शंभर लिटरला अर्धा ग्रॅम. अर्धा ग्रॅम घरी मोजणार कसं? पाच ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी शंभर मिलिलिटर ड्रममध्ये टाकायची. अर्धा तास थांबून मग प्यायचं. निवळी रोज ताजी करायची आणि पावडरीचा डबा घट्ट बंद ठेवायचा, उघडी राहिली की तिचा जोर जातो. गढूळ पाण्यात याचा उपयोग होत नाही, आधी तुरटी फिरवून गाळ बसवा.

पहिल्या आठवड्यात मला फार अभिमान वाटला. मग एका रात्री हिशेब केला. अठरा मोठी माणसं, सात पोरं, पंचवीस जण. चारशे लिटर भागिले पंचवीस, माणशी सोळा लिटर. आपत्तीच्या वेळी छावणीत माणशी किमान पंधरा लिटर द्यावं असं जागतिक मानक आहे. म्हणजे माझ्या ट्रॉलीनं माझ्याच रानातल्या माणसांना भूकंपाच्या छावणीपेक्षा एक लिटर जास्त दिलं होतं. जल जीवन मिशनमध्ये आपल्या गावांना माणशी ५५ लिटर धरलंय. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळची दुसरी खेप सुरू केली. तरी ते ३२ च होतात. तिसरी खेप डिझेल आणि माणूस दोन्ही बाजूंनी परवडत नाही, हे खरं सांगतो.

सांडपाण्याचा विचार आधी केला नव्हता. नळाखाली चिखल झाला, आठ दिवसांत एक चाक रुतलं. मुरूम टाकला, चर काढून पाणी बाजूला नेलं, तिथं बायकांनीच अळूचे कंद आणि चार मिरचीची रोपं लावली. ड्रम उन्हात तापायचे, त्यांच्यावर भिजवलेलं गोणपाट टाकलं की पाणी बऱ्यापैकी गार राहतं आणि शेवाळही धरत नाही.

खर्च विचारला होता. ड्रम ३६०० आणि ११००. निपल, पाइप, नळ मिळून १४५०. वेल्डिंग, अँगल, टेकू २२००. न्हाणीचे पत्रे घरचे, बाकी सामान कडीसकट ९००. दिवा १५०. एकूण ९४००. वाया गेलेली मोटर धरली तर १०१५०. ट्रॉली जुनी होती, तिचे पैसे धरले नाहीत. मोटर आता रोपवाटिकेत लावलीय, तिथं उत्तम चालते.

खुशाली कमी झाली का, असं एका मित्रानं विचारलं. नाही हो, रुपयानं कमी झाली नाही. ऊसही आमचा पाळीनंच तुटला, एक दिवस आधी नाही. टोळी म्हणजे मुकादमाच्या आणि स्लिपबॉयच्या यादीनं चालणारी, ट्रॉली बघून फड बदलत नाही.

मधे जानेवारीत टोळीचा मुक्काम पंधरा दिवसांसाठी दुसऱ्या गावच्या हद्दीत हलला. मुकादम म्हणाला, ट्रॉली बरोबर द्या. माझं मन होईना. तिथला शेतकरी ओळखीचा नाही, भरणार कोण, मोडली तर कोण बघणार. शेवटी दिली. परत आली तेव्हा एक नळ गायब, एक टेकू वाकलेला आणि पिण्याच्या ड्रमची जाळी फाटलेली. तिथं त्यांनी त्यात पाटाचं पाणी भरलं होतं, कारण दुसरं मिळालंच नाही. ते कळल्यावर ड्रम रिकामा केला, टीसीएलचं कडक पाणी करून रात्रभर भरून ठेवला, सकाळी धुतला. पुढच्या वर्षी दिली तर त्या गावच्या शेतकऱ्याला आधी जाऊन भेटणार आहे.

ती मावशी यंदाही आली होती. नातू आता चालतो, नळ उघडा ठेवून पळतो, मी ओरडतो. जाताना मावशी म्हणाली, "पुढच्या साली एक नळ खाली लावा, पोरांना हात धुवायला. वरच्याला त्यांचा हात पुरत नाही." आज सकाळी निपल आणलाय. तळाच्या एक इंच वर लावावा का बाजूनं टी काढून खाली न्यावा, ते बघतोय. टी काढली तर भोक वाढत नाही, पण दाब आणखी कमी होईल. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी जरूर कळवा. पहिली खेप ऑक्टोबरअखेर, तोवर वेळ आहे.

तो निळा कॅन कापून त्याचे दोन तुकडे केले आणि औषधाच्या रिकाम्या डब्यांच्या पोत्यात टाकला.